उघडं राहिलेलं सवणं

पौष सरता सरता रेवणप्पाने मधली खोली सोलायला काढली. सोलायला हाच शब्द बरोबर. आधी कोनाड्यांतले डबे, दोरीवरची कापडं, लोखंडी पलंग, सगळं बाहेर सोप्यात आलं. मग छताखाली ताणून बांधलेलं जुनं कापड फाडलं, तर त्याच्या पोटातून घमेलंभर पांढरी माती भसकन खाली आली. माळवदाचं घर म्हटलं की माती गळायचीच. खाली लाकडी तुळया, त्यावर फळ्या, फळ्यांवर हातभर पांढरी माती; उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. घरातली माणसं पिढ्यान् पिढ्या त्या मातीखाली झोपली, ताटात चिमूटभर पडली तर फुंकून जेवली. तीच माती आता वैरीण ठरली होती.

कारण होता धाकटा भाऊ, उमाशंकर. घरात उमा, बाहेर उमाशंकर महाराज. उदगीरपासून कंधार-लोह्यापर्यंत शिवनाम सप्ताह कुठंही असो, काल्याचं कीर्तन महाराजांचं, हे ठरलेलं. गळा असा की पखवाजावर पहिली थाप पडायच्या आधी त्यांनी नुसता ‘शिव’ म्हणून स्वर लावला, तरी मांडवाच्या मागच्या टोकाला तंबाखू मळणारा माणूस हात थांबवायचा. हसवायचे तर पोट धरून, आणि रडवायची वेळ आली की कुणाच्या ध्यानात यायच्या आधी डोळ्यांतून पाणी काढायचे. देवाने माणूस घडवताना काहींच्या छातीत श्वासाच्या जागी भजनच भरलेलं असतं.

त्याच छातीला दृष्ट लागली. आधी कोरडा खोकला, मग दोन पायऱ्या चढल्या की धाप, मग अभंगाची ओळ मधेच तुटायला लागली. नांदेडच्या डॉक्टरांनी मशीनमध्ये घालून फोटो काढले आणि रेवणप्पाला समोर बसवून विचारलं, “घरात पारवे आहेत का?”

रेवणप्पाला आधी प्रश्नच कळला नाही. पारवे कुठं नसतात? माळवदावर आहेत, देवळाच्या शिखरावर आहेत. उमा तर रोज पूजा आटोपली की ओंजळभर ज्वारी घेऊन माळवदावर जातो, त्याच्या खांद्यावर येऊन बसतात.

“त्यांची शीट वाळते, तिची भुकटी होते, पिसांची धूळ होते,” डॉक्टर म्हणाले. “वर्षानुवर्षं ती श्वासातून आत गेलीय. सगळ्यांनाच बाधत नाही, यांना बाधली. फुप्फुसं कडक व्हायला लागलीत. जेवढं गेलं ते परत येत नाही. उरलंय तेवढं राखायचं. धूळ नको, धूर नको, आणि पारवा तर आसपाससुद्धा नको. अजून वर्षभर हेच चाललं, तर मग माझ्या हातात काही नाही.”

नांदेडातच भाड्याची खोली घ्यावी, असंही एकदा बोलणं निघालं. उमाशंकरची बायको नीलाबाई जाऊन दोन-तीन ठिकाणं बघून आली. प्रत्येक इमारतीच्या सज्जात, एसीच्या डब्यावर पारवेच पारवे. “भावजी, हितं तर आपल्या गावापेक्षा जास्त हायत,” ती म्हणाली. म्हणून मग घरातलीच एक खोली अशी करायची ठरली की तिच्यात धुळीचा कणसुद्धा शिरणार नाही.

या कामाला लोह्याचा ज्ञानोबा मिस्त्री मिळाला. त्याचा खरा धंदा अर्धापूरकडे केळी पिकवायच्या खोल्या बांधायचा. त्या खोलीतली हवा बाहेर जाऊन चालत नाही, बाहेरची आत येऊन चालत नाही. म्हणजे पाहिजे तोच माणूस. तोंडाला रुमाल, कानाला बिडी, आणि तोंड मात्र क्षणभर बंद नाही.

“आप्पा, आजवर मी केळी झोपवल्या. माणूस पहिल्यांदाच झोपवून राहिलो,” तो म्हणाला.

“नीट झोपव. पिकवू नको म्हणजे झालं,” रेवणप्पा म्हणाला.

“पिकत न्हाई. केळीला हवा न्हाई दिली तरी चालतं, महाराजांना लागती. गाळणीचा पंखा बसवतो. हवा येणार, पण चाळून.”

भिंतींचा मातीचा गिलावा खरवडून काढला तेव्हा आतले काळे दगड उघडे पडले आणि खोली एकदम म्हातारी दिसायला लागली. रेवणप्पाला बघवलं नाही. याच खोलीत दोघा भावांचे पाळणे टांगले होते, याच खोलीतून रेवणप्पाची बायको शेवटची बाहेर गेली होती. दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरलं, वरून रंगाचे हात दिले, खाली गुळगुळीत फरशी आली. भिंतींना पांढरे पत्र्याचे जाड फलक लागले, पत्र्याच्या पोटात फेस भरलेला. ऊन आत येणार नाही आणि धूळ धरणार नाही, अशी त्यांची ख्याती. सांध्यासांध्यांतून ज्ञानोबाने रबरासारखी पांढरी लुकण भरली. दाराच्या चौकटीला रबरी पट्टी बसली. दार लावलं की बाहेरची कोंबडीसुद्धा ऐकू येईना.

राहिलं होतं छत. आणि छतात होतं सवणं.

माळवदाच्या घराला उजेडासाठी, धूर जाण्यासाठी वर जे भोक ठेवतात, ते सवणं. पाऊस आला की त्यावर पत्रा सरकवायचा, एरवी उघडं. ज्ञानोबा शिडीवर चढला, त्यात डोकं घातलं आणि तसाच खाली उतरला.

“आप्पा, वर भाडेकरू हायत. काड्यांचं घरटं केलंय कडेला. दोन अंडी.”

रेवणप्पा स्वतः चढला. मादी बसलेलीच होती. माणसाचं तोंड इतकं जवळ आलं तरी उठली नाही, नुसती मान फुगवून एका लाल डोळ्याने बघत राहिली. उमाच्या खांद्यावर बसणाऱ्यांपैकीच असावी. म्हणून तर एवढी धीट.

“काढून टाकतो,” ज्ञानोबा म्हणाला. “अंडीच हायत अजून. जीव धरला का न्हाई कुणाला ठाऊक.”

“थांब.”

“थांबू कशाला?”

रेवणप्पा म्हणजे गळ्यात लिंग बांधलेला माणूस. मुंगीच्या वारुळावर साखर टाकून मग दुकान उघडणारा. अंडी उचलून उकिरड्यावर टाकायची, हे त्याच्या हातून होणारं नव्हतं. शिवाय काम चाललं होतं ते एक जीव जगावा म्हणून. त्याची सुरुवात दोन जीव घेऊन करायची, हे त्याला अपशकुनासारखं वाटलं.

“तू खालचं छत लाव,” तो शेवटी म्हणाला. “सवणं मी नंतर बुजवतो. पिल्लं उडून गेली की.”

ज्ञानोबाने कानावरची बिडी काढली, बोटांत फिरवली, परत कानावर ठेवली. “आप्पा, वरून उघडं ठेवून खालून बंद केलं, तर त्याला बंद म्हणत न्हाईत. वर घाण साठल. फलक खालून चिकटवता येतात, वरून सांधा बुजवायला माणूस जाणार कुठून? बारीक भुकटी हाय ती, वाट काढती.”

“महिन्या-दीड महिन्याचा तर प्रश्न हाय.”

“तुमची मर्जी. माझ्या नावानं बोंबलू नका.”

खालचं छत लागलं. सवणं खालून झाकलं गेलं आणि खोली डब्यासारखी पांढरीफेक झाली. नीलाबाईने आत येऊन चहूकडे बघितलं आणि फलकावर हात फिरवत म्हणाली, “आता कुठून येईल धूळ? वाटच ठेवली न्हाई भावजींनी.” रेवणप्पा ‘हाव’ म्हणाला आणि दुकानात निघून गेला.

उमाशंकर नांदेडच्या दवाखान्यातून घरी आला तो नाकात नळ्या घालून, ऑक्सिजनच्या मशीनला बांधलेला. गाडीतून उतरताना गल्लीतल्या बायांनी लांबूनच हात जोडले. जवळ येऊ नका असं नीलाबाईने आधीच बजावलं होतं. तिने तर स्वतःलाही सोडलं नव्हतं. खोलीत शिरायच्या आधी आंघोळ, धुतलेलं लुगडं, धुपाटणं माळ्यावर, अगरबत्ती बंद. विभूतीसुद्धा कोरडी लावायची नाही, पाण्यात कालवून लावायची.

पहिले काही दिवस बरे गेले. उमाशंकरला झोप लागली. एकदा तर त्याने अभंगाची आख्खी ओळ एका दमात म्हटली, हळू आवाजात का होईना. नीलाबाई दाराआड उभी राहून पदराने डोळे पुसत होती.

मग एका दुपारी रेवणप्पा त्याच्याजवळ बसला असताना उमाशंकर छताकडे बघत म्हणाला, “अण्णा, अंडी फुटली बग.”

रेवणप्पानेही वर बघितलं. वरून, फलकाच्या पलीकडून, बारीक चिरकं काहीतरी ऐकू येत होतं. त्यावर मादीचं घुमणं.

“तुला कसं...”

“आल्या दिवसापासून घुमून राहिल्यात. मला न्हाई कळणार?” उमाशंकर हसला, त्यातच त्याला खोकल्याची ढास लागली. ती थांबल्यावर म्हणाला, “तू काढलं न्हाईस ते बरं केलंस.”

“मी चूक केली, उमा. उद्याच्या उद्या ज्ञानोबाला बोलावतो.”

“बिलकुल न्हाई.” आवाज बसलेला, पण कीर्तनात गोंधळ करणाऱ्याला गप्प करायचा तोच सूर. “अण्णा, मी किती गावांत, किती मांडवांत त्या राजाचा दृष्टांत सांगितला असंल? शरण आलेल्या पारव्यासाठी ज्यानं आपल्या मांडीचं मांस तोलून दिलं त्याचा? लोक रडायचे. मीही रडायचो. आता माझ्या डोक्यावर खरीच दोन पिल्लं बसली, अन् मी म्हणू, काढा ती? मग मी आजवर काय विकत होतो?”

“तो राजा होता. तू आजारी माणूस हायस.”

“पिल्लं उडून जाऊ दे. तेवढा दम हाय माझ्यात.”

“अन् नसला तर?”

उमाशंकरने नाकातली नळी सारखी केली. म्हणाला, “नीलाला सांगू नको. ती चढंल वर.”

रेवणप्पाने सांगितलं नाही. भावाचा शब्द म्हणून नाही सांगितलं, असं तो स्वतःला समजावत राहिला. खरं तर सांगायचं म्हणजे सवणं उघडं कुणी ठेवलं तेही सांगावं लागलं असतं.

माघ महिना अर्धा उलटला. शिवारात हरभऱ्याची मळणी सुरू झाली, यंत्रातून भुस्कटाचे लोट उठून आभाळ पिवळट दिसायला लागलं. खोकला परत आला. आधी पहाटे, मग दिवसभर. बोटाला लावायच्या चिमट्यातला आकडा खाली सरकायला लागला, मशीनचा काटा वर चढवावा लागला. नांदेडला फोन केला तर डॉक्टर म्हणाले, “घरात कुठूनतरी येतंय. शोधा.”

नीलाबाई शोधत राहिली. दिवसातून तीनदा फरशी पुसायची. दाराची रबरी पट्टी बोटाने दाबून बघायची. गादी उन्हात टाकली, उशी बदलली, गाळणीचा पंखा उघडून धुतला. वरचं घुमणं तिला उघड्या माळवदावरच्या पारव्यांचं वाटायचं; मधे तर पक्कं छत होतं. मंगळसूत्राच्या वाट्यासुद्धा काढून ठेवल्या, त्यांत काही अडकत असेल म्हणून. एका सकाळी रेवणप्पा दुकान उघडायला निघाला तर ती सोप्यात खांबाला टेकून बसलेली. आत नवऱ्याची ढास चाललेली, आणि ही बाहेर.

“हितं का बसली?”

ती उठली नाही. डोक्यावरचा पदर पुढं ओढून खालच्या मानेनं म्हणाली, “भावजी, एक विचारू? माझ्याच अंगाला काही लागून जात असंल का आत? चुलीपाशी असते, पीठ मळते... मी जाते तवाच त्यांना जास्त लागती ढास. आता जात न्हाई. दुरूनच ताट सरकवते.”

रेवणप्पाने दुकानाच्या किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या. माणसाला नुसतं पाप झेपतं, पण आपल्या पापाची शिक्षा दुसरा कुणी मुकाट्याने भोगताना बघणं झेपत नाही.

“तुझं काही न्हाई त्यात,” तो म्हणाला. “तू आत जा. मी बगतो काय करायचं ते.”

शिवरात्रीनंतर काला होता. सप्ताहाची सांगता. दरवर्षी हे कीर्तन उमाशंकरचं. यंदा उदगीरहून दुसरे महाराज आले होते. दिवस वर आला तसा गाव देवळाकडे लोटला. नीलाबाईला रेवणप्पाने आग्रह करून पाठवलं, “जा, प्रसाद तरी घेऊन ये.” मग ज्ञानोबाने मागे ठेवलेली फेसाची नळकांडी घेतली, दुकानातलं एक डालं घेतलं, उपरण्याने नाक-तोंड बांधलं आणि बाहेरच्या शिडीने माळवदावर चढला.

देवळाच्या भोंग्यातून पखवाज ऐकू येत होता. महाराजांचा आवाज चांगला होता, गोड होता. पण रेवणप्पाच्या कानाला उमाचीच सवय. आयुष्यात पहिल्यांदा कीर्तन चालू असताना त्याचा पाय तालावर हलला नाही.

सवण्याच्या कडेला वाळलेल्या शिटेचा पांढरा-हिरवा थर जमला होता. खालच्या फलकावर पिसं, काड्या, भुकटी. आणि कडेच्या घरट्यात दोन पिल्लं. सुंदर म्हणावीत अशी नव्हती. काळपट कातडीवर पिवळे केस, चोच अंगाला न शोभणारी मोठी. रेवणप्पाचा हात आत आला तसं त्यांना वाटलं दाणा आला. दोघांनी चोची उघडल्या आणि त्याच्या बोटांना धरून चोखायला लागली.

तो तसाच उकिडवा बसून राहिला. भोंग्यातून टाळ्यांचा, नामाचा गजर येत होता. खालून, फलकाच्या आडून, उमाची ढास. एक संपली, दुसरी लागली. तिसरी थांबेचना.

त्याने पिल्लं उचलली, घरट्यासकट डाल्यात ठेवली. ओल्या फडक्याने हात पोचेल तेवढी घाण पुसून काढली. सवण्याच्या तोंडावर शहाबादी फरशी बसवली आणि कडेने फेस सोडला. तो फुगत गेला, फुगत गेला, फटी गिळत गेला, आणि बघता बघता भाकरीच्या पापुद्र्यासारखा वाळून घट्ट झाला. मादी आभाळातून उतरली, फरशीवर येऊन बसली. एका बाजूने चालत गेली, दुसऱ्या बाजूने आली. चोचीने फेसावर टोचून बघितलं. रेवणप्पा तिच्याकडे न बघता शिडी उतरला.

पिल्लं त्याने दुकानाच्या मागच्या बाजूला, रिकाम्या पोत्यांवर ठेवली. भिजवलेली डाळ चिमटीत धरून चोचीत घालायचा. एक खायचं. दुसरं मान टाकूनच होतं. तिसऱ्या दिवशी तो कुलूप काढून आत गेला तेव्हा मुंग्या लागलेल्या होत्या. दुकानामागच्या लिंबाखाली त्याने बोटभर खड्डा केला. वर साखर ठेवली नाही. ठेवायची लाज वाटली.

खोलीतली ढास मात्र कमी झाली. एकदम नाही, हळूहळू. मशीनचा काटा एक घर खाली आला. नीलाबाई परत आत बसायला लागली, ढास कशाने कमी झाली हे तिला कळलं नाही. तिने ते काल्याच्या प्रसादाच्या नावावर जमा केलं आणि देवळात नारळ फोडून आली. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “वाढणं थांबलंय. आता असंच जपा.”

उमाशंकर रेवणप्पाशी बोलत नव्हता.

भांडण नाही, शब्द नाही. काल्याच्या दुपारपासून छत मुकं झालं होतं, एवढं त्याला पुरलं होतं. अण्णा आत आला की तो डोळे मिटायचा. नीलाबाई म्हणायची, “थकतात हो, भावजी.” रेवणप्पा मान हलवायचा. आधी दिवसातून चारदा यायचा, मग दोनदा, मग सकाळी एकदा दारातून बघून जायला लागला.

अशाच एका सकाळी उमाशंकरचे डोळे उघडे होते. नीलाबाई पाणी तापवायला गेलेली. रेवणप्पा दारातच थबकला.

“कुठं हायत?” उमाशंकरने विचारलं. छताकडे बघूनच.

खोटं बोलायचं रेवणप्पाच्या जिभेवर आलं होतं. उडून गेली म्हणावं, की संपलं. पण त्या आवाजापुढं खोटं टिकलं नसतं.

“दुकानात. डाल्यात.”

“दोन्ही?”

“एक.”

उमाशंकरच्या कपाळावर ओल्या विभूतीचे तीन पट्टे वाळून फुटले होते. त्याने एक श्वास घेतला. पूर्ण, छातीच्या तळापर्यंत जाईल असा. तसा श्वास त्याला कित्येक महिन्यांत आला नव्हता. तो आला हे त्यालाही जाणवलं आणि रेवणप्पालाही दिसलं. उमाशंकरच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे ओघळलं. ते पुसायला त्याने हात उचलला नाही, आणि रेवणप्पाची पुढं व्हायची छाती झाली नाही.

“ह्यो श्वास लई म्हागाचा पडला रे, अण्णा,” तो म्हणाला.

रेवणप्पा चौकटीला धरून उभा राहिला. तुझ्यासाठी केलं, असं म्हणता आलं असतं, खरंही होतं. मी जगू दिलं असतं त्यांना, पण तू खोकत होतास, असंही म्हणता आलं असतं. बाहेर गल्लीतून हरभऱ्याच्या भुस्कटाची गाडी चालली होती, सोप्यात तिरप्या उन्हात कण तरंगायला लागले होते.

उमाशंकरने मान वळवून पहिल्यांदाच भावाकडे बघितलं.

“दार लाव,” तो म्हणाला. “धूळ येतीय.”

आत ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. रेवणप्पा बाहेरच राहिला. त्याने दार ओढलं, आणि रबरी पट्टी चौकटीला पुरती चिकटेपर्यंत दोन्ही तळहातांनी दाबून धरलं.